मुलांची कला व वडीलधाऱ्यांचा हात

शाळकरी मुलांना कलेची गोडी लागावी, त्यांच्या अंगच्या गुणांस वाव मिळावा, असें ज्याला वाटत नाहीं असा सुशिक्षित गृहस्थ आज शोधूनहि सांपडणार नाहीं. शहरांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत शाळा सुटल्यानंतरचा मुलाचा वेळ गायन, नृत्य, चित्रकला, नाट्य, हस्ताक्षर व वक्तृत्व यांच्या वर्गांत वांटला गेलेला असतो. उन्हाळ्याच्या सुटींत तर एकाच मुलास दोन दोन शिबिरांत घातल्याचें आपण पाहतों. आमच्या पिढीस लहानपणीं यांपैकीं फारच थोडें मिळालें. तेव्हां या बाबतींत आजचीं मुलें भाग्यवान् आहेत हें कबूल केलेंच पाहिजे. परंतु संधि किती मिळाल्या हा एक प्रश्न झाला; त्या संधींतून मुलाच्या हातून जें निपजलें तें खरोखर कोणाचें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर पालक देऊं शकतील. दुसरा प्रश्न टीकाकाराचा आहे, आणि तो आमच्याकडे क्वचितच विचारला जातो. बालनाट्याच्या प्रयोगानंतर 'मुलांनीं काय गोड कामें केलीं !' एवढें म्हटलें कीं आमची टीका संपते. गोड म्हणणें हें कौतुक झालें. परीक्षण त्याहून निराळें. आणि ज्याचें परीक्षण करावयाचेंच नाहीं असें आपण आधीं ठरवून टाकतों, त्याला आपण मनांतून कला मानीत नाहीं, असाच त्याचा अर्थ होतो.

प्रस्तुत लेखांत आम्ही मुख्यतः रंगभूमीचा विचार करणार आहों. मराठी माणसाचें नाटकाचें वेड हें याचें एक कारण आहेच. पण दुसरें अधिक महत्त्वाचें आहे. चित्र मुलानें एकट्यानें काढलें असें भासवितां येतें. नाटकांत मात्र संहिता, तालीम, वेष, संगीत, नाटकगृहाचें भाडें या प्रत्येक ठिकाणीं वडीलधाऱ्यांचा हात लागतो, व तो उघड दिसतो. म्हणून मुलाचा वाटा किती व वडिलांचा किती, हें येथें जितकें स्वच्छ मोजतां येतें तितकें दुसऱ्या कोणत्याहि कलेंत येत नाहीं.

मूल रंगभूमीवर येणें ही गोष्ट नवी नाहीं. लंडनमध्यें इ. स. १६०० च्या सुमारास ब्लॅकफ्रायर्स येथील नाटकगृहांत केवळ मुलांचीच एक मंडळी नाटकें करीत असे, आणि तिच्यासारख्या बालमंडळ्यांची लोकप्रियता इतकी वाढली कीं शेक्सपिअरला आपल्या 'हॅम्लेट' नाटकांत त्यांचा उल्लेख करावा लागला. हीं मुलें मिळविण्याची रीतहि पाहण्यासारखी आहे. राणीच्या प्रार्थनामंदिरांत गाण्यासाठीं मुलें सक्तीनें नेण्याचा अधिकार चालकांपाशीं होता. त्याच्या बळावर त्यांनीं १६०० च्या डिसेंबरांत हेन्री क्लिफ्टन नांवाच्या गृहस्थाचा मुलगा शाळेच्या वाटेवरून उचलून नेला, व पुढील वर्षीं बापानें त्याबद्दल सरकारांत फिर्याद केली. या मंडळ्यांविषयीं ऐकून राजपुत्र हॅम्लेट जो प्रश्न विचारतो तो आजहि विचारण्यासारखा आहे. मुलांच्या तोंडून प्रौढ नटांची निर्भर्त्सना करविणारे लेखक त्या मुलांचें अहितच करीत नाहींत काय ? कारण उद्यां तींच मुलें प्रौढ नट व्हावयाचीं आहेत. मुलाच्या तोंडीं घातलेले शब्द पुष्कळदां घालणाऱ्याच्या भांडणाचे असतात, ही गोष्ट त्या महाकवीच्या ध्यानांत आली होती.

आमच्या संगीत नाटकमंडळ्यांतहि गोड गळ्याचा मुलगा ही मंडळीची दौलत असे. केशवराव भोसले अगदीं कोवळ्या वयांत रंगभूमीवर आले. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व हे १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत शिरले तेव्हां विशीच्या आंत होते. या मार्गानें महाराष्ट्राला जें गाणें मिळालें त्याला तोड नाहीं, आणि त्याला उणें लेखण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु आवाज फुटला कीं ज्यांचें भाग्यहि फुटलें अशीं मुलेंहि त्याच मंडळ्यांतून असत; त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत. पुढें काळ बदलला, साधनें बदललीं. २००८-०९ मध्यें झी मराठी वाहिनीवर लहान गायकांची स्पर्धा झाली, तेव्हां घरोघर लोक कामें टाकून दूरचित्रवाणीसमोर बसत. त्या मुलांचें गाणें उत्तम होतें. पण मोठ्यांसाठीं, मोठ्यांनीं रचलेलें, मोठ्यांच्या भावनांचें गाणें मोठ्यांच्या हुबेहूब ढंगानें म्हणणें, हेंच त्यांच्या गुणवत्तेचें माप होतें. नाटकमंडळींतील गोड गळ्याच्या मुलाकडूनहि याहून निराळें कांहीं मागितलें जात नव्हतें.

आमच्या शाळांचीं स्नेहसंमेलनें याच परंपरेंतलीं. तेथें बारा वर्षांचा मुलगा शिवाजीमहाराज होतो, दहा वर्षांची मुलगी झांशीची राणी होते, आणि कापसाची दाढी लावलेला एक ऋषि घाबरून आपलें वाक्य विसरतो. या गमतीला आमचा विरोध नाहीं. ती ज्यानें अनुभवली नाहीं त्याचें शालेय जीवन फुकट गेलें असेंच आम्ही म्हणूं. परंतु त्यांत मुलानें ठरविलें असें काय असतें ? संहिता शिक्षकांनीं निवडावयाची, भूमिका त्यांनींच वांटावयाच्या, हात कोठें वर करावयाचा हेंहि त्यांनींच खडूनें आंखून द्यावयाचें. वक्तृत्वस्पर्धांत हाच प्रकार अधिक ठळक होतो. भाषण वडिलांनीं लिहावयाचें, आईनें पाठ करून घ्यावयाचें, आणि परीक्षकांनीं 'विचारांची प्रगल्भता' म्हणून गुण द्यावयाचे. ते गुण खरोखर कोणास मिळाले हें परीक्षकांसहि ठाऊक असतें.

मराठी बालरंगभूमीस खरें वळण लागलें तें १९५९ सालीं. त्या वर्षीं सुधा करमरकर यांनीं रत्नाकर मतकरी यांचें 'मधुमंजिरी' मुंबईंत रंगभूमीवर आणलें, आणि मुलांसाठीं नाटक म्हणजे कसेंतरी उरकावयाचें काम, ही समजूत मोडून काढली. नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत यांत कोठेंहि हात आंखडता घ्यावयाचा नाहीं, प्रौढांच्या नाटकाला जी मेहनत तीच मुलांच्या नाटकाला, हा त्यांचा बाणा होता. मतकरी यांनीं पुढें स्वतःची बालनाट्यसंस्था काढली व 'निम्माशिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' यांसारखीं नाटकें दिलीं. सई परांजपे यांचें 'पत्तेनगरींत', पु. ल. देशपांडे यांचें 'वयं मोठं खोटम्', विजय तेंडुलकर यांचें 'राजाराणीला घाम हवा' ही यादी पाहिली म्हणजे त्या काळचे आघाडीचे लेखक मुलांसाठीं लिहिणें कमीपणाचें मानीत नव्हते हें ध्यानांत येतें. 'अलबत्या गलबत्या' २०१८ सालीं पुन्हां रंगभूमीवर आलें तेव्हां नातवंडांना घेऊन आलेल्या आजीआजोबांनीं नाटकगृहें भरून गेलीं. चेटकिणीला भिऊन किंचाळणारें आणि पुढच्याच क्षणीं तिला चिडविणारें मूल हा या नाटकांचा खरा रसिक, आणि तो रसिक घडविणें ही कांहीं लहान कामगिरी नव्हे.

तथापि या रंगभूमीनें मुलाला जें स्थान दिलें तें मुख्यतः प्रेक्षकाचें होतें, हें विसरून चालणार नाहीं. नाटक मुलांसाठीं झालें. तें मुलांचें झालें असें म्हणतां येत नाहीं. या दोहोंच्या मधली एक पायरी 'आविष्कार' संस्थेच्या 'चंद्रशाला' या बालविभागानें बांधली. सुलभा देशपांडे या स्वतः दादरच्या छबिलदास शाळेंत शिक्षिका होत्या. मूल वर्गांत कसें असतें व रंगमंचावर कसें होतें हें त्यांनीं दोन्ही बाजूंनीं पाहिलें होतें. माधव साखरदांडे यांच्या 'दुर्गा झाली गौरी' या नृत्यनाट्यांत अनेक मुलें एकत्र नाचत-गात, आणि आईबापांना नकोशी झालेली हट्टी मुलगी बदलते कशी, याची ती गोष्ट त्या मुलांच्याच वयाची होती. येथें मुलाला भूमिका मिळाली, सोबती मिळाले, दीर्घ तालमींची शिस्त मिळाली. शब्द मात्र मोठ्यांचेच राहिले.

१९८६ सालीं पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीनें, डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानें, बर्लिनच्या 'ग्रिप्स' रंगभूमीची पद्धति मराठींत आणली. 'छान छोटे वाईट मोठे' या नांवावरूनच तिचा रोख कळतो. राजे, राक्षस, पऱ्या यांना रजा देऊन या नाटकांनीं फ्लॅटमधलें, चाळीमधलें, आईबापांच्या कटकटींमधलें आजचें मूल रंगमंचावर आणलें. गंमत अशी कीं, ग्रिप्सच्या नाटकांत मुलांचीं कामें मोठे नट करतात. स्नेहसंमेलनांत मुलें मोठ्यांचीं सोंगें घेतात. येथें मोठे मुलांचीं सोंगें घेतात. आमच्या मतें हा फरक वरवरचा नाहीं. मोठा नट मुलाची भूमिका प्रामाणिकपणें करूं लागला कीं त्याला मुलाच्या उंचीवरून जग पाहावें लागतें, आणि वडीलधाऱ्यांचा हात येथें लपून राहत नाहीं. तो उघडपणें मुलाची बाजू घेतो. मराठी बालरंगभूमींतील अत्यंत प्रामाणिक असा हा प्रयोग आहे. पण त्यांतहि बोलतात मोठे आणि मूल ऐकतें, ही वस्तुस्थिति उरतेच.

मग मुलानें स्वतः बोलावें तें कोठें ? याविषयीं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनीं १९३० सालीं लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकांत मार्मिक विचार केलेला आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : मोठ्यांच्या रंगभूमीचा सांगाडा जसाच्या तसा मुलांवर बसविला, परके शब्द त्यांच्याकडून घोकून घेतले, तर त्यांची निर्मिति आखडते, मुलांनीं स्वतः जुळविलेलें किंवा उभ्या उभ्या रचलेलें नाटक ओबडधोबड असलें तरी तें त्यांच्या वृत्तीला अधिक जवळचें असतें. मुलाच्या निर्मितीचें मोल तयार झालेल्या वस्तूपेक्षां ती तयार करण्याच्या क्रियेंत अधिक असतें, हें त्यांचें मुख्य सूत्र. इंग्लंडांत पीटर स्लेड यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मुलांच्या खेळांतून उमलणारें नाट्य ही स्वतंत्र कला आहे असें प्रतिपादन केलें. दोघांचे देश व तत्त्वज्ञानें भिन्न. पण मुलाला लहान आकाराचा मोठा माणूस समजूं नये, या मुद्द्यावर दोघांचें एकमत आहे.

यावर कोणी म्हणेल, 'तर मग मोठ्यांनीं लिहिलेलीं नाटकें मुलांनीं करूंच नयेत कीं काय ?' असा अर्थ आम्ही काढीत नाहीं, आणि तो काढूं नये यासाठीं एकच उदाहरण पुरेसें आहे. रवींद्रनाथांचें 'डाकघर' हें नाटक १९१२ सालीं प्रसिद्ध झालें. आजारपणामुळें घरांत कोंडलेला, खिडकींतून जग पाहणारा आणि राजाच्या पत्राची वाट पाहणारा एक मुलगा, एवढेंच त्याचें कथानक. १९४२ च्या जुलैच्या १८ तारखेस वॉर्सा शहरांतील ज्यूंच्या कोंडवाड्यांत, यानुश कोर्चाक या डॉक्टरांनीं चालविलेल्या अनाथाश्रमाच्या मुलांनीं तें नाटक केलें. तीन आठवड्यांच्या आंतच, ऑगस्टमध्यें, तीं सारीं मुलें व त्यांच्याबरोबर स्वतः कोर्चाक ट्रेब्लिंका येथील संहारछावणीकडे नेले गेले. शब्द एका दूरच्या बंगाली कवीचे होते, पण भिंतींच्या आंत कोंडलेल्या त्या मुलांना ते परके राहिले नसतील. मुलाच्या स्वतःच्या प्रश्नाला जाऊन भिडणारी संहिता मोठ्यानें लिहिलेली असली तरी मुलाची होऊं शकते. म्हणून कसोटी लेखकाच्या वयाची नाहीं. आपण काय म्हणतों आहों व कां म्हणतों आहों हें मुलाला ठाऊक आहे काय, आणि त्या म्हणण्यांत कांहीं बदलण्याची, निवडण्याची, नाकारण्याची त्याला मुभा आहे काय, ही खरी कसोटी.

ही कसोटी आम्हीं परदेशांतून आणली असें कोणास वाटूं नये. ती आमच्या अंगणांतच आहे. दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रांत मुलें किल्ला करतात. दगड, विटांचे तुकडे, चिखल आणि जुनें गोणपाट यांखेरीज त्याला भांडवल लागत नाहीं. माथ्यावर सिंहासन, उतारावर मावळे, पायथ्याशीं गांव, एखादें तळें, एखादें भुयार. आणि हिरवळीसाठीं पेरलेले अळीव. दरवाजा कोणत्या बाजूस ठेवावयाचा यावरून भांडणें होतात, बुरूज ढासळतो, तो पुन्हां उभा राहतो, आणि शेवटीं किल्ल्यावर इतिहासाला ठाऊक नसलेली एखादी मोटारगाडीहि चढलेली असते. ही विद्या कोणत्याहि वर्गांत शिकविली जात नव्हती. थोरल्या मुलांपासून धाकट्यांकडे ती चालत आली. शिल्प, स्थापत्य, इतिहास आणि नाट्य यांचा असा मेळ घालणारी दुसरी बालकला आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि तिच्यांत निर्णय सर्वस्वीं मुलांचा असे. मोठ्यांचें काम पाणी आणून देण्यापुरतें व ओरडण्यापुरतें.

आज काय झालें आहे ? दिवाळीच्या आठ दिवस आधीं बाजारांत प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा रंगविलेला किल्ला मिळतो. तो घरीं आणून गॅलरींत ठेवावयाचा. जेथें मातीचा किल्ला होतो तेथें पुष्कळ ठिकाणीं स्पर्धा असते, आणि स्पर्धा आली कीं वडील मंडळी बाह्या सरसावून पुढें येतात. किल्ला पूर्वींपेक्षां सुबक होतो, ऐतिहासिक दृष्ट्या अधिक बरोबर होतो. मोटारगाडी वर चढत नाहीं. मुलगा बाजूस उभा राहून चिखल कालवून देतो. पूर्वीं मोठ्यांकडे होतें तें पाणी आणण्याचें काम आतां त्याच्याकडे आलें आहे. घरांत जागा नाहीं, अंगण राहिलें नाहीं, हीं कारणें खरीं आहेत व आम्ही तीं हलकीं मानीत नाहीं. पण अंगण असूनहि किल्ला मुलाच्या हातून निसटतो, याचें कारण जागेंत नाहीं. मुलाची ओबडधोबड कृति आम्हांस पाहवत नाहीं, यांत आहे.

चित्रकलेचीहि हीच कथा. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकलेच्या सरकारी परीक्षा आमच्याकडे ब्रिटिश अमदानीपासून चालत आल्या आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिति व अक्षरलेखन यांचा अभ्यास हात बसविण्यास उपयोगी आहे यांत वाद नाहीं; खेड्यापाड्यांतील किती तरी मुलांना रंगपेटीची ओळख या परीक्षांनींच करून दिली. २०१७ सालीं शासनानें शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला, नाट्य व चित्रकला यांतील प्रावीण्याबद्दल दहावीच्या परीक्षेंत वाढीव गुण देण्याचें धोरण ठरविलें. त्यामागील हेतु चांगला होता. कलेमुळें अभ्यास बुडतो अशी पालकांची तक्रार असे. आतां कलेमुळें टक्के वाढतात म्हटल्यावर पालकांचा विरोध मावळला. हा लाभ लहान नाहीं. ज्या घरांत पेटीला हात लावूं देत नव्हते तेथें पेटी विकत आणली गेली. परंतु ज्या दाराने कला घरांत आली त्या दाराचा रंग तिला लागणारच. दहावीनंतर तीच पेटी माळ्यावर जाते, कारण गुण मिळून चुकलेले असतात.

स्पर्धा सरसकट वाईट असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पुण्यांत महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनें १९६३ सालीं सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा ही महाविद्यालयीन तरुणांच्या एकांकिकांची आहे, आणि तिनें मराठी रंगभूमीस कित्येक नट, लेखक व दिग्दर्शक दिले. तेथील चुरस, घोषणा, जयपराजय यांचा ज्वर आम्हांस ठाऊक आहे. मग ती स्पर्धा फलदायी कां झाली ? कारण तेथें रंगमंचावर उभें राहणारे विद्यार्थी असतात, आणि पुष्कळदां दिग्दर्शक व लेखकहि त्यांच्यांतलेच असतात. चुकण्याचा हक्क त्यांचा, आणि चुकीची जबाबदारीहि त्यांचीच. अठराव्या वर्षीं जो विश्वास आपण दाखवितों त्याचा शतांश बाराव्या वर्षीं दाखविला तर काय बिघडेल ? ज्याला बारा वर्षांपर्यंत केवळ दुसऱ्याचें पाठ केलेलें म्हणावयास लावलें, त्याच्याकडून अठराव्या वर्षीं एकाएकीं स्वतःच्या शब्दांची अपेक्षा करणें हेंहि अन्यायाचेंच आहे. आमच्या वर्गांत उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झालेले विद्यार्थी येतात. एखाद्या कवितेविषयीं 'तुम्हांस काय वाटलें?' असें विचारलें म्हणजे ते गोंधळून परस्परांकडे पाहूं लागतात. बुद्धि त्यांच्यापाशीं आहे. स्वतःला काय वाटलें हें सांगण्याची वेळ त्यांच्यावर कधीं आलेली नसते.

येथवर आम्हीं ज्यांचा विचार केला तीं मुलें निदान कांहीं तरी मिळणाऱ्या घरांतलीं आहेत. ज्यांना शाळेखेरीज दुसरी संधीच नाहीं त्यांचें काय ? बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ सालच्या कायद्यानें सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुलें असलेल्या शाळेस कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठीं निदेशक असले पाहिजेत असें ठरविलें. पण कायद्यानेंच त्यांना अंशकालीन म्हटलें आहे. शंभरांपेक्षां लहान शाळेस तेवढेंहि नाहीं. आणि डोंगरांतल्या, वाड्यांवस्त्यांवरच्या शाळा बहुधा लहानच असावयाच्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत अभ्यासाचे विषय व अभ्यासेतर विषय असा भेद असूं नये असें स्पष्ट म्हटलें आहे, व सहावी ते आठवीच्या काळांत मुलांनीं दहा दिवस दप्तर घरीं ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकावें अशीहि सूचना आहे. हे विचार स्तुत्य आहेत. मात्र धोरण कितीहि थोर असलें तरी तें मुलाच्या हातीं पोंचतें एका शिक्षकाच्या द्वारें, आणि तो शिक्षक अर्धवेळाचा असला तर कलाहि अर्धवेळाचीच राहणार.

या संदर्भांत रत्नाकर मतकरी यांनीं उतारवयांत ठाण्यांत उभारलेल्या 'वंचितांचा रंगमंच' या उपक्रमाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाहीं. ज्या लेखकानें तरुणपणीं मुलांसाठीं चेटकिणी व राक्षस निर्माण केले, त्यानेंच शेवटीं वस्त्यांतील मुलामुलींना सांगितलें कीं आतां तुम्हीच तुमचें नाटक करा. रंगभूमीवरील अनुभवी माणसें मदतीस असत. विषय मात्र त्या मुलांच्या जगण्यांतून यावा, अशी ती योजना होती. २०२० सालीं मतकरी गेले. त्यांच्या नाट्यजीवनाचा हा प्रवास पाहिला म्हणजे आमच्या बालरंगभूमीनें पुढें कोठें जावें याचें उत्तर निराळें शोधावें लागत नाहीं. 'मुलांसाठीं' पासून 'मुलांचें' पर्यंतची ही वाट एका माणसानें एका आयुष्यांत चालून दाखविली आहे.

यांतून करावयाचें काय, असें वाचक विचारतील. खर्चाची कोणतीहि योजना आमच्यापाशीं नाहीं. स्नेहसंमेलनांत चार नाटुकलीं बसवितात त्यांपैकीं एक वर्गानें स्वतः रचलेलें असावें, आणि शिक्षकांनीं त्याची भाषा सुधारण्याचा मोह आवरावा. चित्रांच्या प्रदर्शनांत एक भिंत अशी असावी कीं जिच्यावरील चित्रांस क्रमांक लावला जात नाहीं. वक्तृत्वस्पर्धेंत पाठ केलेल्या भाषणानंतर परीक्षकांनीं मुलाला त्याच विषयावर दोन साधे प्रश्न विचारावे. सुटींतील शिबिरानें शेवटच्या दिवशींच्या झगमगीत कार्यक्रमासाठीं तालमी घेण्याऐवजीं पालकांस बोलावून मुलांचीं अपुरीं राहिलेलीं कामें दाखवावीं. आणि टीकाकारांनींहि आपला आळस सोडावा. मासिकांतून प्रौढांच्या सामान्य कादंबऱ्यांवर पानेंच्या पानें खर्च होतात. एखाद्या शाळेच्या हस्तलिखिताचें गंभीर परीक्षण आल्याचें आम्हांस आठवत नाहीं. 'छान' एवढ्यावर मुलाचें समाधान होतें हा मोठ्यांचा गैरसमज आहे. तुझ्या गोष्टींतला कुत्रा मध्येंच कोठें गेला, असें विचारणारा वाचक त्याला हवा असतो. कारण त्या प्रश्नांतच, त्याची गोष्ट कोणी तरी खरोखर वाचली, हें त्याला कळतें.

पालकांना मात्र एक विनंति स्वतंत्रपणें करावीशी वाटते. कलावर्गाची फी भरणें तुलनेनें सोपें आहे. मुलाच्या वेड्यावांकड्या कृतीला हात न लावतां शेजारीं बसून राहणें फार कठीण. ती सुधारली तर स्पर्धेंत बक्षीस मिळेल हें आपणांस दिसत असतें, आणि हात शिवशिवतो. पण त्या वेळीं आपण सुधारतों तें चित्र, आणि मोडतों तो मुलाचा स्वतःवरचा विश्वास. पुढें सगळींच मुलें कांहीं कलावंत होणार नाहींत, व तसें होण्याची गरजहि नाहीं. त्यांच्यांतून वाचक, प्रेक्षक, नागरिक व्हावयाचे आहेत. आणि ज्यानें लहानपणीं एखादी गोष्ट आरंभापासून शेवटपर्यंत स्वतःच्या मतानें केली आहे, त्यालाच मोठेपणीं दुसऱ्याच्या निर्मितीचा आदर करतां येतो व स्वतःचें मत उभें राहून सांगतां येतें. येत्या दिवाळीस ज्यांच्या दारांत मूठभर माती असेल त्यांनीं ती मुलांच्या स्वाधीन करावी, आणि बुरूज वांकडा झाला तरी तो तसाच राहूं द्यावा.